शिवणाचं सामान कशात ठेवता? घरी केलेले स्वस्त कप्पे

धावदोरा (घणसोली)

गेल्या श्रावणात मावशीने सिल्कची साडी फॉल लावायला दिली. रात्री फॉल टाचून ठेवला, सकाळी उजेडात शिवू म्हटलं. सकाळी टाचण्या काढते तर काठाजवळ चार तपकिरी ठिपके. टाचण्या गंजल्या होत्या आणि रात्रीच्या पिवळ्या दिव्यात मला ते दिसलंच नव्हतं. पांढऱ्या सुती कपड्यावर डाग पडले असते तर लिंबू-मीठ लावून उन्हात ठेवलं असतं. सिल्कवर ते करायची हिंमत झाली नाही, रंग उडाला असता. शेवटी त्या ठिपक्यांवर जरीच्या धाग्याने चार बारीक बुट्ट्या भरल्या. मावशी काही बोलली नाही, पण मला अजून आठवलं की वाईट वाटतं.

आमच्याकडे शिवणाचं सगळं सामान एकाच डब्यात असायचं. बिस्किटांचा निळा, गोल, पत्र्याचा डबा, बहुतेक घरांत असतो तोच. त्यात रिळं, हुक, टिचबटणं, मोजपट्टी, खडू, बॉबिन, कापूस भरलेली सुयांची उशी आणि तळाशी कुठल्या कुठल्या शर्टांची सुटी बटणं. डबा आईचा. मशीनही आईचं, पायाने चालवायचं काळं उषा. आईला आता दोन्ही डोळ्यांनी अंधूक दिसतं, पण शिवण सुटलेलं नाही. बटण लावणं, हेम घालणं, उशांचे अभ्रे हे सगळं ती हाताच्या अंदाजाने करते. अडतं ते डब्यात. हात घातला की सुई टोचते, हुक म्हणून उचललं तर सेफ्टी पिन निघते. मग मला हाक मारावी लागते, आणि हाक मारणं तिला आवडत नाही.

म्हणून आईला न बघता, नुसत्या बोटांनी सापडेल असं काहीतरी करायचं ठरवलं. बाजारातले प्लॅस्टिकचे ड्रॉवर पाहिले. टिकाऊ आहेत, पण सगळे खण बाहेरून सारखेच गुळगुळीत, बोटाला काय कळणार?

वाशीच्या फळबाजारातून सफरचंदाच्या दोन रिकाम्या पेट्या आणल्या. या पेट्यांचा पुठ्ठा पाच थरांचा आणि जाड असतो. हवेसाठी भोकं असतात तेवढा भाग सोडून कापावं लागतं. पुठ्ठ्याच्या आत नागमोडी कागद असतो, त्याच्या रेघा उभ्या राहतील अशा बेताने बाजू कापायच्या. रेघा आडव्या ठेवल्या तर वजनाने पुठ्ठा दबतो. माझी पहिली पेटी याच चुकीने आठवड्याभरात खचली.

दुसऱ्या वेळी आधी खण केले आणि मग त्यांच्या मापाने बाहेरची पेटी. पहिल्यांदा उलटं केलं होतं, त्यामुळे कापड चढवल्यावर खण आत जाईनात. आता चार खण केले, प्रत्येक २४ सेंटिमीटर रुंद, १८ खोल, ६ उंच. त्यांना आतून-बाहेरून आईच्या जुन्या सुती साडीचं कापड चिकटवलं. एकाच बाजूने चिकटवलं तर वाळताना पुठ्ठा वाकतो, म्हणून दोन्ही बाजू. खण पूर्ण वाळले की एकावर एक रचले, मध्ये पुठ्ठ्याच्या फळ्या घातल्या, आणि प्रत्येक खणाच्या दोन्ही बाजूंना व वर एकेक जुनी लग्नपत्रिका सरकवली. तशाच अवस्थेत भोवती पेटी चिकटवली. चिकटल्यावर पत्रिका ओढून काढल्या. तेवढ्या फटीत खण अलगद सरकतात.

फेविकॉलमध्ये थोडं पाणी घातलं होतं, कापडाला तसंच बरं पडतं. पावसाळ्यात वाळायला पंख्याखाली दोन दिवस लागले. फेविकॉल, मास्किंग टेप, कड्यांसाठी पट्टी असं सगळं धरून शंभर रुपयांच्या आत काम झालं.

खणांवर नावं लिहिली नाहीत. प्रत्येक खणाच्या दर्शनी बाजूला आत जे आहे तेच बाहेर शिवून टाकलं. बटणांच्या खणावर बटण, हुकांच्या खणावर हुक, तिसऱ्यावर टिचबटण, चौथ्यावर इलास्टिकचा तुकडा. आईने बोट फिरवलं आणि पहिल्याच झटक्यात हुकांचा खण उघडला.

दोन गोष्टी अजून अडल्या आहेत. गंज, आणि रिळांचे रंग. आईला काळं आणि गडद निळं अजिबात वेगळं कळत नाही. तुम्ही काय करता? फोटो उद्या टाकते.

नौपाडेकर

बाहेर वस्तूच शिवायची कल्पना फार आवडली. मी शाळेत कार्यानुभव शिकवत असे. आमची ठरलेली वस्तू म्हणजे काडेपेट्यांचं कपाट. बारा रिकाम्या काडेपेट्या, तीनाच्या चार ओळी, भोवती कार्डशीट. चिकटवताना आतले खण बाहेर काढून ठेवायचे, नाहीतर एखादा खण कायमचा अडकतो. प्रत्येक खणाला शर्टाचं छोटं बटण दोऱ्याने बांधायचं, ती त्याची मूठ. काडी घासायची तपकिरी पट्टी मात्र आधी कागदाने झाकायची, नाहीतर पांढऱ्या कापडाला डाग लागतात. मुलं ही पायरी हमखास विसरायची.

हुक, मणी, टिकल्या यांना हे कपाट उत्तम. तुमच्या आईंना मात्र लहान पडेल. त्यांच्या बोटांना मोठा खणच बरा.

घरची मैद्याची खळ वापरू नका. झुरळं आणि कसर लागते. जुने पुस्तक बांधणारे खळीत मोरचूद घालायचे ते याचसाठी, पण ते विष आहे, घरात नको. फेविकॉलच ठीक.

पारसिककर

चर्चेचा धागा चांगला आहे, पण पुठ्ठ्याबद्दल माझं मत वेगळं आहे. आम्ही कळव्यात तळमजल्यावर राहतो. जुलै-ऑगस्टमध्ये पुठ्ठ्याचं खोकं भिंतीला लावून ठेवलं की मागून हिरवट बुरशी येते आणि कुबट वास कापडाला लागतो. घणसोलीत काय, खाडी तुम्हालाही लांब नाही.

गंजाचं मूळ तुमच्या उशीत आहे. कापूस ओल धरून ठेवतो आणि सुई दिवसरात्र त्या ओलीत. कापूस काढून टाका. लोकरीचे उरलेले तुकडे बारीक कापून भरा, किंवा पूर्ण वाळलेला लाकडाचा भुसा. लोकरीच्या विणकामाची कात्रणं प्रत्येक घरात थोडीफार निघतातच.

लोखंडाच्या सगळ्या वस्तू, म्हणजे सुया, टाचण्या, हुक, सेफ्टी पिना, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. पाव किलोच्या श्रीखंडाचा डबा चालतो. आत शाळेच्या खडूचे दोन तुकडे टाका, किंवा बुटांच्या खोक्यात येते ती ओल शोषणारी पुडी. पावसाळ्यात खडू महिन्याभराने कडक उन्हात वाळवून परत टाकायचे. सुया बराच काळ लागणार नसतील तर मशीनच्या तेलाचं बोट लावलेल्या फडक्यात गुंडाळा. वापरण्याआधी चिंधीतून दोन-चार वेळा काढा म्हणजे तेल कपड्याला लागणार नाही.

धावदोरा (घणसोली)

पारसिककर, उशी आजच उसवली. आतला कापूस खरंच ओलसर होता आणि सुयांची टोकं टेकतात तिथे काळा. लोकर भरते. पुठ्ठ्याचं तुमचं म्हणणं बरोबर आहे. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर आहे आणि पेटी आतल्या भिंतीशी, मशीनच्या फळीवर असते, म्हणून अजून बुरशी नाही. तरी हुकांचा खण बदलते. खणातच श्रीखंडाचा डबा बसवते, म्हणजे जागा तीच आणि ओलही नाही.

काजबटण (वर्तकनगर)

मी घरीच ब्लाउज शिवते, अठरा वर्षं झाली. मशीनच्या सुयांबद्दल सांगते, कारण त्यावर कुणी बोललं नाही.

सुईचा नंबर तिच्या जाड भागावर कोरलेला असतो, पण तो वाचायला चांगल्या डोळ्यांनाही भिंग लागतं. पाकिटातून एकदा सुटी झाली की ११ कुठली आणि १४ कुठली, संपलं. ११ नंबरची सुई शिफॉन-जॉर्जेटसारख्या पातळ कापडाला, १४ रोजच्या सुतीला, १६ जाड कापडाला, १८ जीन्स-कॅनव्हासला. पाकिटावर ९०/१४ असं असतं, त्यातले ९० म्हणजे ०.९ मिलिमीटर जाडी. चुकीची सुई लागली की पातळ कापडाला भोकं पडतात किंवा जाड कापडात सुईच मोडते.

माझ्याकडे फ्लॅनेलची एक पट्टी आहे, तिचे शिवणीने चार भाग केलेत. प्रत्येक भागाच्या कडेला दोऱ्याच्या गाठी: ११ ला एक, १४ ला दोन, १६ ला तीन, १८ ला चार. सुया त्या-त्या भागात टोचून ठेवायच्या आणि पट्टी गुंडाळून झाकणाच्या डबीत. मी हे अंधारात वीज गेल्यावर सापडावं म्हणून केलं होतं. तुमच्या आईंना अगदी उपयोगी पडेल. काढलेली पण अजून चालणारी सुई परत ठेवताना मी तिथे लाल दोऱ्याचा टाका घालते, नाहीतर नवी समजून तीच पुन्हा लागते.

आणि बॉबिन. रीळ एकीकडे, त्याच रंगाचं बॉबिन दुसरीकडे, हा सगळ्या शिवणाऱ्यांचा त्रास. मी बारीक इलास्टिकचा तुकडा रिळातून आणि बॉबिनमधून ओवते, दोन्ही टोकांना एकेक बटण बांधते. रीळ-बॉबिन जोडीने राहतात, दोरा सुटत नाही. खर्च शून्य, कारण इलास्टिकचे तुकडे पडलेलेच असतात.

कात्रीला जुन्या पर्सच्या रेक्झिनचं म्यान शिवा. आणि कापडाची कात्री कागदाला लावू नका, त्या सफरचंदाच्या पेट्यांना तर मुळीच नाही. पेट्या कशाने कापल्या?

धावदोरा (घणसोली)

पेट्या कटरने कापल्या, खाली जुना पाट ठेवून. ताई, गाठींची पट्टी वाचून मी आईला मोठ्याने वाचून दाखवली. ती म्हणाली, "गाठी मोजायच्या, म्हणजे मला येईल की." रिळांच्या रंगांनाही हेच लावता येईल का?

काजबटण (वर्तकनगर)

रंगांना गाठी लावाल तर दहा रंगांना दहा गाठी मोजत बसावं लागेल. रोज लागतात ते पाच-सहाच रंग असतात: पांढरा, काळा, गडद निळा, लाल, मातकट, आणि एखादा हिरवा. तेवढेच आईंच्या पेटीत ठेवा, बाकीचे तुमच्याकडे. प्रत्येक रिळाची जागा ठरलेली हवी. काळ्याला काहीच नाही, निळ्याच्या इलास्टिकला चौकोनी बटण, लालला मणी. जोडीचं इलास्टिक आहेच, बटण बदललं की झालं.

सीवूड्सची आई

आमच्याकडे दोन वर्षांचा मुलगा आहे, त्यामुळे माझा विचार वेगळ्या बाजूने. काहीही खाली ठेवायचं नाही.

चार जुन्या जीन्सचे मागचे आठ खिसे कापडासकट कापले आणि एका जाड चादरीच्या तुकड्यावर दोन-दोनच्या चार ओळींत शिवले. वरच्या कडेला नेफा करून पडद्याची जुनी दांडी घातली. दाराच्या मागे, माझ्या डोक्याच्या उंचीवर टांगलंय. खिशांत चेन, इलास्टिकच्या गुंडाळ्या, लेस, पायपिंग, मोजपट्टी. खालच्या ओळीत फक्त मऊ वस्तू. जीन्स शिवायला १८ नंबरची सुई लावली, पण खिशाच्या कोपऱ्यात चार-पाच थर येतात तिथे मशीनने नव्हे, हाताने शिवा.

टाचण्या मोजून ठेवते, वीस. फोमच्या पट्टीवर दहाच्या दोन ओळी. काम संपल्यावर वीस भरल्या नाहीत तर जागेवरून उठत नाही. मोडलेल्या सुया गोळ्यांच्या बाटलीत टाकते, झाकण दाबून फिरवायचं असतं तसली. भरली की चिकटपट्टी लावून, वर लिहून सुक्या कचऱ्याच्या वेगळ्या पुडीत देते. सफाई कामगारांच्या हातांचा विचार करायलाच हवा.

पारसिककर

टाचण्या सांडल्यावर शोधायला लोहचुंबक. बिघडलेल्या रेडिओच्या स्पीकरमागे गोल कड्यासारखा चुंबक असतो. एक चपट्या ताटलीखाली चिकटवा, टाचण्या ताटलीत टाकल्या की तिथेच बसतात, ताटली कलंडली तरी सांडत नाहीत. दुसरा काठीच्या टोकाला बांधून जमिनीवरून फिरवा. धावदोरांच्या आईंनाही सुई पडली की वाकून चाचपडावं लागणार नाही.

जुनी चंची (ऐरोली)

सगळ्यांचं वाचलं आणि आजीची चंची आठवली. आमची आजी जुन्नरकडची. कंबरेला खोचलेली कापडाची चंची, तीत पान, सुपारी, कात, चुन्याची डबी, लवंग, प्रत्येकाचा वेगळा कप्पा. शेतात दुपारी बसल्या-बसल्या तिचा हात आपोआप बरोबर कप्प्यात जायचा. डोळे समोरच्या माणसाकडे, बोलणं चालू, आणि पान तयार. मला वाटतं धावदोरा जे शोधताहेत ते हेच आहे.

मी आठवड्यातून दोनदा ऐरोलीहून ट्रेनने ठाण्याला भरतकामाच्या क्लासला जाते. डबे नेणं जमत नाही. म्हणून शिवणाची चंची केली. चोळीच्या खणाच्या कापडाची ऐंशी सेंटिमीटर लांब, वीस रुंद पट्टी, आतून सुती अस्तर. एक टोक वीस सेंटिमीटर आत दुमडायचं, त्यावर उभ्या शिवणी मारायच्या, चार अरुंद कप्पे होतात: छोटी कात्री, पेन्सिल, सुईत दोरा ओवायची तार, उसवायची दाभणी. मधल्या वीस सेंटिमीटरवर फ्लॅनेलचा चौकोन, सुया टोचायला. उरलेलं टोक झाकण. त्याला लांब नाडी शिवायची, गुंडाळी करून दोन वेढे द्यायचे. नाडी झाकणाच्या मधोमध शिवा, कडेला शिवली की गुंडाळी एका बाजूने उघडते आणि पेन्सिल गळून पडते. माझी दोनदा पडली, एकदा तर फलाटावर.

भरतकामाच्या लड्यांसाठी: अँकरची लडी आठ मीटरची, सहापदरी असते. ती लडीतूनच ओढत बसलं की गुंता होतोच. जुन्या लग्नपत्रिकांचे बोटाएवढे तुकडे कापा, दोन्ही कडांना खाचा करा, त्यावर गुंडाळा आणि रंगाचा नंबर पेनने तिथेच लिहा. लडीवरचा कागद गेला की तो रंग दुकानात पुन्हा मिळवणं अवघड होतं.

नौपाडेकर

चंचीचं वर्णन वाचून डोळे भरून आले. आमच्या घरीही होती.

रिळांबाबत राहिलं. अनेकजण खिळे मारलेल्या फळीवर रिळं उघडी लावतात. दिसायला सुरेख, पण फळी खिडकीसमोर नको. ऊन लागून सुती दोरा विटतो आणि कमजोरही होतो, ओढला की तुटतो. रबर-इलास्टिकलाही उष्णता चालत नाही, चिकट होऊन ताण जातो. पश्चिमेच्या खिडकीजवळ फळी असेल तर पुढे पडदा लावा.

गोखले रोडकर

ब्लाउजपीस आणि अस्तरं ठेवायला साडीच्या दुकानांतले खोके मागून आणा, गिऱ्हाईक साडी नुसती पिशवीत नेतं तेव्हा खोकी उरतात. पीस उभे लावा, फायलीसारखे. एकावर एक ठेवले की खालचा काढताना सगळी चळत विस्कटते. बटणं, लेस, नाड्या जांभळी नाक्याच्या बाजूला घ्या. सकाळी लवकर गेलात तर दुकानदाराला तुमच्याशी बोलायला वेळ असतो.

धावदोरा (घणसोली)

फोटो टाकलेत, पहिल्या प्रतिसादाच्या खाली. आता काय-काय झालं ते.

लोकरीची उशी झाली. गाठींची पट्टी झाली, पण आईने त्यात बदल करायला लावला. गाठी पट्टीच्या वरच्या कडेला होत्या, तिला त्या खालच्या कडेला हव्या होत्या, कारण ती सुई वरून उचलते आणि अंगठा खाली असतो. हे मला कधीच सुचलं नसतं.

हुक आणि टिचबटण बोटाला सारखे लागतात. दोन वेळा चुकीचा खण उघडला तेव्हा तिने सांगितलं. टिचबटणाच्या खणावर आता कोटाचं मोठं लाकडी बटण आहे. आत टिचबटणं आणि बाहेर लाकडी बटण, माझ्या मूळ कल्पनेत बसत नाही, पण तिला चालतं.

रिळं सहाच ठेवली. निळ्याला चौकोनी बटण मिळेना, जांभळी नाक्यालाही नाही, म्हणून जुन्या स्वेटरचं तिकोनी लावलं. काल माझ्या नकळत तिने भावाच्या शाळेच्या निळ्या पँटची मोहरी निळ्याच दोऱ्याने हेम करून ठेवली होती. सकाळी इस्त्री करताना मला कळलं.

शेजारच्या काकूंना अशीच पेटी हवी आहे, त्यांचं घर तळमजल्यावर. पारसिककर, त्यांच्यासाठी पुठ्ठ्याऐवजी काय घेऊ? पातळ प्लाय कापून मिळेल का कुठे?

पारसिककर

सुताराकडे उरलेले सहा मिलिमीटर प्लायचे तुकडे मागा, माप लिहून नेलंत तर कापूनही देतात. मागची बाजू भिंतीला टेकू देऊ नका, खाली चार बाटल्यांची झाकणं चिकटवा. आणि लग्नपत्रिका सरकवायला विसरू नका, प्लायलाही ती युक्ती तशीच लागू होते.